तीन चाळण्या, तीन याद्या आणि सामाईक जनुके फक्त तीन

२००८ या एकाच वर्षात एकाच प्रश्नावर तीन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. प्रश्न असा: एचआयव्हीला माणसाच्या पेशीत वाढण्यासाठी आपली कोणकोणती जनुके लागतात? विषाणूच्या स्वतःच्या पदरी जेमतेम नऊ जनुके. बाकी सगळा संसार तो यजमान पेशीच्या जिवावर करतो. तेव्हा माणसाचे एकेक जनुक गप्प करायचे, विषाणू सोडायचा आणि संसर्ग कुठे घटतो ते पाहायचे, असा बेत तिन्ही गटांनी केला.

जानेवारीत ‘सायन्स’मध्ये हार्वर्डच्या ब्रास आणि एलेज यांच्या गटाची यादी आली, २७३ जनुकांची. ऑक्टोबरमध्ये ‘सेल’मध्ये क्योनिग, सुमित चंदा, जॉन यंग आणि सहकाऱ्यांची २९५ जनुकांची आली. वर्ष सरता सरता मर्क कंपनीच्या संशोधकांनी ३११ जनुकांची तिसरी यादी दिली. याद्या एकमेकींशेजारी ठेवल्यावर कोणत्याही दोहोंमधली सामाईक जनुके ३ ते ६ टक्क्यांच्या आसपास निघाली. तिन्हींत असलेली जनुके फक्त तीन: एमईडी६, एमईडी७ आणि आरईएलए.

यावरून बऱ्याच जणांनी सरसकट निष्कर्ष काढला, की जनुके गप्प करण्याचे तंत्रच भरवशाचे नाही. तो घाईचा होता. आकडे नीट उलगडले तर नेमके कुठे काय बिघडले ते बरेचसे दिसते, आणि त्यातले पुष्कळसे संख्याशास्त्राच्या अगदी प्राथमिक हिशेबातच सापडते.

आधी योगायोगाचा हिशेब

माणसाची जनुके ढोबळमानाने २०,००० धरू. त्यांतून डोळे मिटून २७३ आणि २९५ चिठ्ठ्या उचलल्या तर सामाईक किती येतील? २७३ गुणिले २९५ भागिले २०,०००, म्हणजे सुमारे ४. तिसरी ३११ची यादीही चिठ्ठ्यांचीच असेल, तर तिन्हींत येणाऱ्या जनुकांची अपेक्षित संख्या ०.०६. प्रत्यक्षात आली ३, म्हणजे योगायोगाच्या पन्नासपट. दोन-दोन याद्यांतही चारच्या जागी त्याच्या दुप्पट-चौपट जनुके जुळली. याद्यांमध्ये खरा संकेत आहे, पण पातळ आहे.

तिघांनी मोजले काय?

ही पायरी अनेक जण ओलांडून जातात. ब्रास गटाने हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींपासून केलेल्या टीझेडएम-बीएल पेशी वापरल्या. त्यांवर सीडी४ हा ग्राहक (विषाणू जिथे चिकटतो ते पेशीवरचे प्रथिन) असतो आणि खरा, वाढू शकणारा विषाणू त्यांना लागण करतो. ४८ तासांनी विषाणूचे पी२४ प्रथिन रंगवून लागण झालेल्या पेशी मोजल्या. मग त्याच प्लेटमधला वरचा द्रव नव्या पेशींवर टाकून दुसरी मोजणी केली, म्हणजे विषाणू बाहेर पडण्याचा टप्पाही पकडला गेला.

चंदा-यंग गटाने २९३टी पेशी घेतल्या. त्यांचा विषाणू दुसऱ्याच विषाणूचे आवरण पांघरलेला होता, एकदाच आत शिरणारा, आणि मोजमाप ल्युसिफरेज या विकराने दिलेल्या प्रकाशाचे. अशा विषाणूला सीडी४ लागतच नाही. त्यामुळे पेशीत शिरण्याचा एचआयव्हीचा खास मार्ग आणि पेशीतून बाहेर पडण्याचा टप्पा, दोन्ही या प्रयोगाच्या कक्षेबाहेर होते. सीडी४ त्या यादीत नाही याला चूक म्हणता येणार नाही. मर्कने ४८ आणि ९६ तासांना मोजले. ९६ तासांत विषाणूची एकाहून अधिक आवर्तने होतात आणि छोटा परिणामही साचत जातो.

मग तिन्ही प्रयोगांत सामाईक काय? पेशीच्या जनुकसंचात बसलेल्या विषाणूच्या डीएनएपासून आरएनए तयार होणे. ते झाले नाही तर पी२४ही नाही आणि ल्युसिफरेजचा प्रकाशही नाही. आता त्या तीन जनुकांकडे पाहा. एमईडी६ आणि एमईडी७ हे ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएपासून आरएनए बनवणे, चालवणाऱ्या मीडिएटर संकुलाचे घटक आहेत. आरईएलए हा जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा भाग, आणि एचआयव्हीच्या प्रमोटरवर (आरएनए बनणे जिथून सुरू होते त्या डीएनएच्या भागावर) एनएफ-कप्पा-बी बसण्याच्या दोन जागा आहेत. तिन्ही चाळण्यांची भोके जिथे एकमेकांवर आली तिथूनच हे तीन दाणे पडले.

प्लेटवरचा पहिला घोळ: सरासरी की मध्यक

३८४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर १६ आडव्या ओळी आणि २४ उभे स्तंभ असतात. दोन्ही कडांचे दोन-दोन स्तंभ नियंत्रणांसाठी (परिणाम आधीच माहीत असलेल्या, तुलनेच्या नमुन्यांसाठी) राखले की नमुन्यांना ३२० वेल उरतात. ब्रास गटाच्या संग्रहात २१,१२१ मिश्रणे होती, प्रत्येकात एकाच जनुकाविरुद्धचे चार एसआयआरएनए, म्हणजे जनुक गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे. ३२०च्या हिशेबाने ६७ प्लेटी. प्रत्येकीच्या तीन प्रती धरल्या तर २०१. इतक्या प्लेटी एका दिवसात, एकाच हाताने, एकाच बॅचच्या विषाणूने होत नाहीत. म्हणून प्रत्येक प्लेटचे मोजमाप तिच्यापुरते सारखे करून घ्यावे लागते.

रूढ पद्धत म्हणजे झेड-स्कोअर: वेलच्या आकड्यातून प्लेटची सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाने) भागायचे. ती कुठे फसते हे नऊ वेलच्या उदाहरणात दिसेल. लागण झालेल्या पेशींची टक्केवारी समजा अशी आली: ४२, ४५, ४०, ४४, ४३, ८, ४१, ४६, ३३. सरासरी ३८, प्रमाण विचलन ११.९. आठच्या वेलचा झेड-स्कोअर उणे २.५, आणि तेहतीसचा उणे ०.४. म्हणजे ३३ची वेल अगदी सर्वसाधारण ठरली, कारण आठच्या एका आकड्याने सरासरी खाली ओढली आणि विचलन फुगवले.

आता मध्यक घेऊ, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. तो ४२. प्रत्येक आकड्याचे मध्यकापासूनचे अंतर काढले आणि त्या अंतरांचा मध्यक घेतला, तो २. त्याला १.४८२६ने गुणले, म्हणजे घंटाकृती वितरणात तो प्रमाण विचलनाच्या मापात येतो: २.९७. या मोजपट्टीवर आठची वेल उणे ११.५ आणि तेहतीसची उणे ३.०. जोरदार हिट (लागण स्पष्टपणे घटवणारी वेल) दोन्हीकडे सापडते; मध्यम ताकदीची फक्त मध्यकाने सापडते. आणि दोन प्रयोगांच्या याद्या जुळतात की नाही हे ठरवणारी बहुतेक जनुके या मध्यम ताकदीच्या गर्दीतलीच असतात.

प्लेटच्या कडांचा त्रास वेगळाच. बाहेरच्या रांगेत ७६ वेल असतात. त्यांतले माध्यम उष्ण इन्क्युबेटरमध्ये लवकर आटते आणि पेशी एका बाजूला गोळा होतात. पेशी टाकल्यावर प्लेट अर्धा तास खोलीच्या तापमानाला सपाट ठेवली तर पेशी सारख्या बसतात आणि निम्मे दुखणे तिथेच मिटते. उरलेल्यासाठी बी-स्कोअर आहे: प्रत्येक ओळीचा आणि स्तंभाचा मध्यक आलटून पालटून वजा करत जायचे. पण संग्रहाची मांडणी पाहिल्याशिवाय तो लावू नये. एकाच कुटुंबातली जनुके शेजारीशेजारी मांडली असतील आणि एका ओळीतल्या निम्म्याहून अधिक वेलमध्ये खरा परिणाम असेल, तर बी-स्कोअर तो परिणाम ओळीचा दोष समजून पुसून टाकतो. आधी प्लेटचा रंगनकाशा डोळ्यांनी बघावा, मग ठरवावे.

नियंत्रणांची तपासणी झेड-प्राइमने होते. निष्क्रिय एसआयआरएनएच्या वेलमध्ये लागण ४२, विचलन ४. सीडी४ गप्प केलेल्या वेलमध्ये ६, विचलन २. विचलनांची बेरीज ६, तिची तिप्पट १८, दोन सरासऱ्यांमधले अंतर ३६. १८ भागिले ३६ म्हणजे ०.५, आणि १ उणे ०.५ म्हणजे ०.५. हे चांगले मानतात. पण यातून फक्त एवढेच कळते, की सीडी४सारखा दणदणीत परिणाम दिसेल. संसर्ग तिसऱ्या हिश्शाने घटवणारे जनुक दिसेल की नाही, यावर झेड-प्राइम काही सांगत नाही. म्हणून एक मध्यम ताकदीचे नियंत्रणही प्लेटवर ठेवावे. याची टाळाटाळ फार होते.

दोन प्रमाण विचलनांची रेघ

ब्रास गटाची कसोटी अशी होती: लागण प्लेटच्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांइतकी किंवा अधिक खाली, आणि पेशींची संख्या मात्र दोन विचलनांपेक्षा जास्त घटलेली नको. एकेरी मोजणीत, काहीही परिणाम नसताना, निव्वळ गोंगाटामुळे या रेषेखाली २.२८ टक्के वेल जातात. २१,१२१च्या २.२८ टक्के म्हणजे सुमारे ४८०. रेघ तीन विचलनांवर नेली तर २८ किंवा २९.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे पुनरावृत्ती. दोन स्वतंत्र प्रतींत दोन्ही वेळा रेषेखाली हवे असे म्हटले, की गोंगाटाच्या ४८० हिट्स ११वर येतात. गोंगाट असा आवरता येतो. या प्रकारच्या प्रयोगातली मोठी चूक मात्र गोंगाटाची नसते, ती दर वेळी तशीच्या तशी पुन्हा होणारी असते.

एसआयआरएनए सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचा. लक्ष्य जनुकाच्या आरएनएशी तो पूर्ण जुळतो आणि तो कापला जातो. पण त्याच्या दुसऱ्या ते आठव्या स्थानापर्यंतचा तुकडा, ज्याला सीड म्हणतात, इतर कितीतरी आरएनएच्या शेपटाशी जुळतो आणि मायक्रो-आरएनएसारखा त्यांनाही दाबतो. एखाद्या सीडने योगायोगाने सीडी४ किंवा आरईएलए दाबले, तर लागण घटणार, आणि यादीत नाव लागणार भलत्याच जनुकाचे. हा प्रयोग दहा वेळा करा, दहाही वेळा लागण घटेल. पी-मूल्य (असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) सुंदर येईल. तीन प्रती एकमेकींशी जुळतील. आणि तरी निष्कर्ष खोटा असेल.

चारातला एक पुरे?

या ठिकाणी पहिल्या यादीतली सर्वांत कमकुवत कडी आहे असे आमचे मत आहे. मिश्रणाने हिट दिली की चार एसआयआरएनए वेगवेगळे करून तपासले, आणि चारांपैकी किमान एकाने परिणाम दाखवला तर जनुक पक्के धरले.

समजा कोणताही एक एसआयआरएनए सीडमुळे खोटा परिणाम देण्याची शक्यता ५ टक्के आहे. चारांतला किमान एक तसा निघण्याची शक्यता १ उणे ०.९५चा चौथा घात, म्हणजे १८.५ टक्के. किमान दोन हवेत अशी अट घातली तर १.४ टक्के. नुसती अट एकाने वाढवली आणि खोट्या जनुकांना दार तेरापट अरुंद झाले. शक्यता १० टक्के धरली तर हेच आकडे ३४ आणि ५.

हाही हिशेब उदार आहे. मिश्रण पहिल्या फेरीत हिट ठरले तेच मुळी त्यातल्या एका एसआयआरएनएच्या सीडमुळे असेल, तर वेगळे केल्यावर तो पुन्हा परिणाम दाखवणार हे जवळजवळ ठरलेलेच. तेच रेणू पुन्हा वापरणे ही नवी साक्ष नव्हे. त्याच साक्षीदाराला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्यासारखे आहे. खरी तपासणी म्हणजे त्या जनुकाच्या दुसऱ्या भागावर बेतलेले, वेगळ्या सीडचे एसआयआरएनए. त्याहून पक्की म्हणजे एसआयआरएनएला न जुमानणारी जनुकाची प्रत पेशीत घालून लागण पूर्ववत होते का ते पाहणे. तिसरी, स्वस्तातली, सी९११ची: त्याच एसआयआरएनएची ९, १० आणि ११ ही तीन स्थाने बदलायची. सीड तसाच राहतो, लक्ष्य मात्र कापले जात नाही. एवढे करूनही लागण घटलीच, तर तो परिणाम सीडचा.

सीडचा माग आकड्यांतून

प्रयोगशाळेत परत न जाताही यातले बरेच काही करता येते, अट एवढीच की प्रत्येक एसआयआरएनएचे अनुक्रम आणि आकडे हातात हवेत. सहा अक्षरांचे सीड धरले तर ४,०९६ प्रकार होतात. २१,१२१ गुणिले ४, म्हणजे ८४,४८४ एसआयआरएनए; एका सीडच्या वाट्याला सरासरी वीस. या वीसांची लक्ष्य जनुके वेगवेगळी. तरीही त्या गटाचा मध्यक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे खाली असेल, तर दोष जनुकांचा नाही, सीडचा आहे. हाच विचार पुढे नेऊन प्रतिगमनाच्या पद्धती आल्या: प्रत्येक एसआयआरएनएचा परिणाम म्हणजे त्याच्या लक्ष्याचा आणि त्याने जाता जाता दाबलेल्या सगळ्या जनुकांचा एकत्रित परिणाम, असे समीकरण मांडायचे आणि जनुकनिहाय वाटा वेगळा काढायचा. फक्त मिश्रणाचा आकडा जपून ठेवला असेल तर ही वाट फार अंधूक होते. चार एसआयआरएनए एका वेलमध्ये ओतून खर्च वाचतो. विश्लेषण मात्र त्याची किंमत मोजते.

चंदा गटाने २००७मध्येच याला एक उत्तर दिले होते, आरएसए या नावाने. कल्पना साधी आहे: एकेका एसआयआरएनएच्या ताकदीपेक्षा एका जनुकाचे किती एसआयआरएनए क्रमवारीत वर जमले आहेत ते पाहायचे. ६०,००० एसआयआरएनएंची क्रमवारी लावली असे समजा. ‘अ’ जनुकाचे तीन एसआयआरएनए ३००, ९०० आणि १,२०० या क्रमांकांवर आहेत. ‘ब’चा एक पाचव्या क्रमांकावर, उरलेले दोन ३०,००० आणि ४५,०००वर. रेषेवर कापणाऱ्या पद्धतीत ‘ब’ यादीच्या माथ्यावर बसेल आणि ‘अ’ कदाचित बाहेर राहील. पण तिन्ही एसआयआरएनए योगायोगाने पहिल्या १,२००त, म्हणजे वरच्या २ टक्क्यांत येण्याची शक्यता १,२५,०००त एक. आणि तिघांतला एक पहिल्या पाचांत येण्याची ४,०००त एक. ‘अ’ची बाजू तीसपट भक्कम. एक काळजी घ्यावी: आरएसए अनेक ठिकाणी कापून पाहून सर्वांत लहान शक्यता निवडते, त्यामुळे तो आकडा सरळ पी-मूल्य म्हणून वापरू नये. जनुकांची नावे हजारो वेळा पिसून तुलना करावी आणि मगच खोट्या शोधांचे प्रमाण काढावे.

मग याद्या खोट्या होत्या की अपुऱ्या?

हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि नुसत्या सामाईक संख्येवरून त्याचे उत्तर मिळत नाही. खरी जनुके एकूण ‘न’ आहेत आणि प्रत्येक यादीत त्यांपैकी ‘ख’ आली आहेत असे धरू. दोन याद्यांत जुळणारी खरी जनुके म्हणजे ‘ख’चा वर्ग भागिले ‘न’. समजा दोन याद्या प्रत्येकी सुमारे २९०च्या, जुळलेली १३, त्यांतली ३ योगायोगाची. उरली १०. खरी जनुके ५०० असतील तर ‘ख’ येतो ७१. म्हणजे यादीतले चारातले एकच खरे. खरी जनुके २,००० असतील तर ‘ख’ येतो १४१; म्हणजे निम्मी यादी खरी, पण एकेका प्रयोगाने खऱ्यांतले १४तले एकच पकडले. जुळणी तेवढीच, अर्थ मात्र अगदी वेगळे. शिवाय हे सूत्र दोन्ही प्रयोग एकच गोष्ट मोजतात असे धरते. इथे तर टप्पे वेगळे होते.

त्यातच पेशी मरण्याची अट. एमईडी६सारखे जनुक जास्त दाबले तर पेशीच जगत नाही. ७२ तासांनी ते पेशीसंख्येच्या कसोटीवर बाद होईल, ४८ तासांनी कदाचित हिट ठरेल. म्हणजे जनुक तेच, जीवशास्त्र तेच, आणि एका यादीत आहे तर दुसरीत नाही. पेशीसंख्या ही हो-नाहीची चाळणी न ठेवता लागणीच्या आकड्याचे पेशीसंख्येवर प्रतिगमन करावे, म्हणजे पेशीसंख्येमुळे आलेला भाग वेगळा काढावा, आणि उरलेला भाग तपासावा. पेशी विरळ झाल्या की एकेकीच्या वाट्याला येणारा विषाणूही बदलतो, म्हणून हे तसेही करावेच लागते.

रेषेची करामत तर सगळ्यांवर कडी करते. एका प्रयोगात उणे २.१ आणि दुसऱ्यात उणे १.९ आलेले जनुक ‘जुळले नाही’ असे मोजले जाते, दोन्ही प्रयोग त्याच्याबद्दल जवळपास एकच गोष्ट सांगत असताना. म्हणून याद्या जुळवण्याआधी सर्व जनुकांचे स्कोअर जुळवावेत: एका प्रयोगाच्या हिट्स दुसऱ्याच्या क्रमवारीत वरच्या अंगाला सरकलेल्या आहेत का ते पाहावे. प्रसिद्ध करताना सर्व वेलचे कच्चे आकडे, प्लेटची मांडणी आणि अनुक्रम यांसह माहिती द्यावी. नुसत्या हिट्सच्या तक्त्यावरून हे काहीच करता येत नाही.

२००९मध्ये बुशमन आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस पॅथोजेन्स’मध्ये हे सगळे एकत्र तपासले तेव्हा जनुकांऐवजी संकुलांच्या पातळीवर चित्र बरेच सुधारले. एका यादीत मीडिएटरचा एक घटक, दुसरीत दुसरा. नावे वेगळी, यंत्र एकच. टीएनपीओ३ हे जनुक ब्रास आणि चंदा-यंग या दोन्ही याद्यांत होते. विषाणूचा ऐवज केंद्रकात नेण्याशी त्याचा संबंध पुढे स्वतंत्रपणे तपासला गेला आणि टिकला.

२०१७मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये क्रिस्परने केलेली चाळणी आली. टी-पेशींच्या वंशावर, जनुके दाबून नव्हे तर पार तोडून. हाती लागली पाच जनुके: सीडी४, सीसीआर५ (सीडी४च्या जोडीने विषाणूला लागणारा दुसरा ग्राहक), टीपीएसटी२, एसएलसी३५बी२ आणि एएलसीएएम. त्यांतली टीपीएसटी२ आणि एसएलसी३५बी२ ही सीसीआर५वर सल्फेट चढवण्याच्या कामातली. सीसीआर५ ब्रास गटाला सापडणे शक्यच नव्हते, कारण त्यांचा विषाणू सीसीआर५ऐवजी सीएक्ससीआर४ हा ग्राहक वापरून आत शिरणारा होता. आणि एमईडी६, एमईडी७ या पाचांत नाहीत: ती जनुके तोडलेली पेशी मोजणीच्या दिवसापर्यंत जगत नाही.